व्यसनमुक्तीच्या उपचारांचा खर्च मेडिक्लेम देतो का? पॉलिसी घेण्याआधी हे एक कलम नक्की वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या धंद्यासाठी आरोग्य विमा कसा निवडायचा ते पाहिलं. शेवटी एका मुद्द्याला मी नुसता हात लावला आणि पुढे गेलो, कारण तो दोन मिनिटांत सांगण्यासारखा नाही. मुद्दा असा: दारूच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही व्यसनावरच्या उपचारांचे पैसे मेडिक्लेममधून मिळतात का?

आता कुणी म्हणेल, सर, बिझनेसच्या चॅनेलवर हा विषय कशाला? सांगतो.

माझ्या एका बॅचला दोन भाऊ यायचे. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. ग्रिल, गेट, शेडची कामं. थोरला वेल्डिंग आणि साइट बघायचा, धाकटा ऑर्डर आणि हिशोब. थोरल्याचं पिणं वाढत गेलं. सकाळी हात थरथरायचे, एक पेग घेतल्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही. घरच्यांनी एक दिवस ठरवलं, आजपासून पूर्ण बंद. खोलीला बाहेरून कडी. दुसऱ्या दिवशी रात्री त्याला फिट आली. मग प्रायव्हेट हॉस्पिटल, आयसीयू, सहा दिवस. बिल १ लाख १२ हजार.

घरात पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी होती. सहा वर्षं एकही हप्ता चुकला नव्हता. हॉस्पिटलने कॅशलेससाठी कागद पाठवले आणि उत्तर आलं, क्लेम नामंजूर. धाकट्याकडे त्या दिवशी एकच रक्कम हाताशी होती. एका शाळेच्या शेडसाठी आलेला ॲडव्हान्स. त्यातून पत्रा आणि पाइप आणायचे होते. ते पैसे हॉस्पिटलला गेले, काम तीन आठवडे लांबलं आणि शाळेने पुढच्या इमारतीचं काम दुसऱ्याला दिलं.

म्हणजे बघा, एका बिलाने नुसती बचत खाल्ली नाही, गिऱ्हाईकसुद्धा नेलं. धाकटा मला फोनवर म्हणाला, "सर, सहा वर्षं हप्ता भरला तो कशासाठी?"

या लेखात त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. शांतपणे वाचा. आपल्या घरात कोणी पीत नाही म्हणून सोडून देऊ नका. भागीदार असतो, कारागीर असतो, टेम्पोचा ड्रायव्हर असतो.

आधी हे समजून घ्या: कायद्याने व्यसन हा आजार आहे

आपल्याकडे अजून म्हणतात, "त्याने मनावर घेतलं तर एका दिवसात सुटेल." कायदा असं म्हणत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे धरल्या आहेत.

त्याच कायद्याच्या कलम २१ मधलं चौथं पोटकलम विमा कंपन्यांसाठी आहे. शारीरिक आजाराच्या उपचारांना ज्या पायावर विमा देता, त्याच पायावर मानसिक आजाराच्या उपचारांनाही द्या, असं ते सांगतं. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांना हे पाळायला सांगितलं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मानसिक आजाराच्या क्लेममध्ये हाच मुद्दा धरून कंपनीला पैसे द्यायला लावले. तो क्लेम व्यसनाचा नव्हता, हे लक्षात ठेवा. तरी नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांना "आमच्या पॉलिसीत मानसिक आजार बसत नाही" असं सरसकट उत्तर आता कंपनीला देता येत नाही.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, मग तर थोरल्या भावाचा क्लेम मिळायलाच हवा होता. थांबा, गाडी इथेच अडते.

मग क्लेम अडतो कुठे? कोड १२

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये आयआरडीएआयने आणखी एक काम केलं. आरोग्य विम्यात कंपन्या ज्या गोष्टी वगळतात, म्हणजे आपण ज्याला एक्सक्लूजन म्हणतो, त्यांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. प्रत्येक एक्सक्लूजनला एक कोड दिला. पॉलिसीच्या कागदावर तो "एक्सक्ल" आणि पुढे आकडा, असा छापलेला असतो.

यातला बाराव्या क्रमांकाचा कोड आपल्या कामाचा. त्याचा अर्थ असा: दारूचं व्यसन, अमली किंवा इतर पदार्थांचा गैरवापर, कुठलीही व्यसनी अवस्था यांवरचे उपचार आणि त्यांचे परिणाम, यांचा खर्च मिळणार नाही.

म्हणजे एका हाताला कायदा व्यसनाला आजार म्हणतो, दुसऱ्या हाताला पॉलिसीत कोड १२ आहे. कंपनी क्लेम तपासताना पॉलिसीतलं कलम बघते. त्या दोन भावांना आलेल्या पत्रात हाच कोड होता.

पण यात दोन गोष्टी तुमच्या फायद्याच्या आहेत.

पहिली, हा कोड प्रत्येक पॉलिसीत असलाच पाहिजे असा नियम नाही. वगळायचं असेल तर याच शब्दांत वगळा, एवढंच नियामकाने ठरवलं. एखादी कंपनी आपल्या प्रॉडक्टमध्ये किंवा ग्रुप पॉलिसीत तो काढू शकते किंवा ठरावीक रकमेपर्यंत व्यसनमुक्तीचा खर्च देऊ शकते. त्यामुळे "सगळीकडे सारखंच असतं" हे एजंटचं वाक्य ऐकून गप्प बसू नका. मात्र सगळ्या कंपन्या विकतात ती प्रमाणित "आरोग्य संजीवनी" घेतलीत तर तिच्यात हा कोड आहे.

दुसरी, कोड १२ म्हणजे "पिणाऱ्या माणसाला विमा नाही" असं नव्हे. पाहा.

कशाचे पैसे मिळतात, कशाचे अडतात?

- व्यसनाशी संबंध नसलेला आजार: पिणाऱ्या माणसाला डेंग्यू झाला, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, हर्नियाचं झालं. केसपेपरवर "दारू घेतो" असं लिहिलं असलं तरी त्या आजाराचं कारण दारू नाही. कोड १२ इथे लावता येत नाही. लावला तर भांडा.
- दारू अचानक बंद केल्याने आलेली फिट, भ्रम, थरथर: हा थेट व्यसनाचा परिणाम. कोड १२ असेल तर क्लेम अडतो.
- दारूमुळे झालेला लिव्हरचा आजार: डिस्चार्ज कार्डवर निदानच तसं असेल तर "परिणाम" या शब्दाखाली अडतो.
- स्वादुपिंडाची सूज: इथे खरा वाद होतो. दारूने होते तशी पित्ताशयातल्या खड्यांनीही होते. सोनोग्राफीत खडे दिसले असतील आणि डॉक्टरांनी तेच कारण लिहिलं असेल, तर नुसत्या "कधीतरी दारू घेतो" या नोंदीवर क्लेम नाकारणं चुकीचं आहे.
- नैराश्य आणि दारू एकत्र: नैराश्यासाठी ॲडमिट केलं तर तो मानसिक आजाराचा क्लेम. व्यसन सोडवायला ॲडमिट केलं तर कोड १२. दोन्ही असतील तर डॉक्टर मुख्य निदान कोणतं लिहितात यावर बरंच अवलंबून राहतं.
- तंबाखू, गुटखा: हेसुद्धा व्यसनच. प्रपोजल फॉर्मवर याचा प्रश्न असतो. तिथे "नाही" लिहून पुढे तोंडाचा आजार निघाला, तर तुमची बाजू पहिल्याच दिवशी लंगडी होते.

आणि ज्यांच्याकडे टेम्पो, पिकअप आहे त्यांनी हे वहीत लिहून ठेवा: ड्रायव्हर नशेत असताना अपघात झाला तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जातो. तो आरोग्य विम्याचा भाग नाही, पण पैसे तुमच्याच गल्ल्यातून जाणार.

उपचाराचे तीन टप्पे, तीन वेगळी बिलं

व्यसनमुक्ती म्हणजे एकच बिल नसतं. तीन टप्पे असतात आणि विम्याच्या नजरेत तिन्ही वेगळे.

पहिला टप्पा शरीरातून नशा उतरवण्याचा, ज्याला डिटॉक्स म्हणतात. काही दिवसांचा असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून "सोडवणं" हा घरगुती उपाय करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि व्हिटॅमिन बी १ देऊन हे नीट पार पाडता येतं. कोड १२ नसेल तर मेडिक्लेममध्ये बसण्याची शक्यता सगळ्यात जास्त याच टप्प्याची, कारण इथे हॉस्पिटल आहे आणि २४ तासांहून जास्त ॲडमिशन आहे.

दुसरा टप्पा केंद्रातल्या मुक्कामाचा. समुपदेशन, गटचर्चा, शिस्तीचा दिनक्रम, काही आठवडे. इथे कोड १२ नसला तरी दुसरी अडचण येते. पॉलिसीत "हॉस्पिटल" म्हणजे काय हे ठरलेलं असतं. एकतर स्थानिक यंत्रणेकडे हॉस्पिटल म्हणून नोंदणी हवी. ती नसेल तर १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र किमान १५, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी, हे सगळं हवं. बरीच व्यसनमुक्ती केंद्रं या व्याख्येत बसत नाहीत. याचा अर्थ ती वाईट आहेत असा नाही. विमा कंपनीच्या दृष्टीने ती हॉस्पिटल नाहीत, इतकंच. मात्र केंद्र निवडताना ते मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे विचारायला विसरू नका.

तिसरा टप्पा घरी आल्यावरचा. महिन्याला डॉक्टरांची भेट, गोळ्या, समुपदेशन. हा ओपीडीचा खर्च. साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडी नसते. पण खरी लढाई याच टप्प्यात असते, कारण पुन्हा पिण्याची शक्यता इथेच सगळ्यात जास्त. त्यामुळे या खर्चाची सोय आपली आपण करायची, असंच धरून चला.

फॉर्म भरताना: "नाही लिहा, कोण बघतंय?"

पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्मवर दारू, सिगारेट, तंबाखूचे प्रश्न असतात. किती घेता, किती वर्षांपासून. बरेच एजंट सांगतात, "नाही लिहा, प्रीमियम वाढेल." मित्रांनो, एजंटचं कमिशन त्या दिवशी होतं. क्लेमच्या दिवशी काउंटरवर तुम्ही उभे असता.

खोटं लिहिलं तर नुकसान व्यसनाच्या क्लेमपुरतं राहत नाही. माहिती लपवली म्हणून कंपनी दुसरा क्लेमसुद्धा नाकारू शकते, पॉलिसी रद्द करू शकते. म्हणजे जिथे पैसे हक्काने मिळाले असते तीही दारं आपण आपल्या हाताने बंद करतो.

इथे दोन आकडे माहीत हवेत. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

पण नीट ऐका, इथेच लोकांची गफलत होते. ६० महिने झाले म्हणून कोड १२ पुसला जात नाही. पॉलिसीतली कायमची एक्सक्लूजन्स तशीच राहतात. त्या दोन भावांची सहा वर्षं झाली होती, तरी क्लेम अडला तो यामुळेच. धाकट्याला वाटत होतं, पाच वर्षं झाली की सगळं कव्हर. तसं नसतं.

पॉलिसी घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

हे प्रश्न तोंडी विचारू नका. ईमेल करा किंवा व्हॉट्सॲपवर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

१. या पॉलिसीत एक्सक्लूजन कोड १२ आहे का? असल्यास पूर्ण आहे की काही रकमेपर्यंत सूट आहे?

२. मानसिक आजारासाठी ॲडमिट झाल्यास पूर्ण सम इन्शुअर्ड मिळतो की वेगळी मर्यादा आहे?

३. मानसोपचाराचं नोंदणीकृत हॉस्पिटल "हॉस्पिटल" म्हणून धरता का? आमच्या जिल्ह्यात कॅशलेसला कोणतं आहे?

४. ओपीडी किंवा समुपदेशनाचा काही भाग मिळतो का? ॲड-ऑन आहे का?

५. मी फॉर्मवर खरी माहिती लिहिली तर प्रीमियम किती वाढेल? आकडा सांगा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पुष्कळांची भीती कमी होते. वाढणारी रक्कम आणि एक बुडालेला क्लेम, दोन्ही शेजारी मांडून बघा.

आणि एक गोष्ट. पॉलिसीबरोबर कंपनीने "कस्टमर इन्फर्मेशन शीट" द्यायची असते. दोन-चार पानांत काय मिळतं, काय मिळत नाही, हे त्यात असतं. ती मराठीत मागता येते. मागा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करण्याचाही हक्क आहे. म्हणजे वाचायला महिना आहे, कारण सांगू नका.

तुमच्याकडे माणसं कामाला असतील तर

धंदा वाढला, पाच-दहा माणसं झाली, की विषय फक्त घरापुरता राहत नाही.

ग्रुप पॉलिसी घेत असाल, तर अटींवर बोलणी करता येतात. वैयक्तिक पॉलिसीचा कागद छापील असतो, ग्रुपमध्ये मात्र काही कलमं मागून घेता येतात. ब्रोकरला सरळ विचारा, डिटॉक्सच्या ॲडमिशनसाठी माणशी ठरावीक रक्कम घालून कोड १२ शिथिल करता का? "नाही" म्हणाले तर म्हणाले. विचारायला पैसे लागत नाहीत.

कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू होतं. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगाराच्या कामगारासाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. इथे मेडिक्लेमसारखा क्लेम टाकायचा नसतो. कामगार ईएसआयच्या दवाखान्यात जातो, तिथून गरजेप्रमाणे पुढे पाठवतात. डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला तर हजेरीच्या अटी पूर्ण करणाऱ्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते. कामगाराला हे तुम्ही समजावून सांगितलं नाही तर कोण सांगणार?

आयुष्मान भारत आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड घरात असेल तर तेही बघा. आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. व्यसनमुक्ती केंद्रातलं पुनर्वसन आणि ओपीडी त्यात नाही. पण सरकारी रुग्णालयात ॲडमिट करावं लागलं तर कोणतं पॅकेज लागू होतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. काउंटरवर बसलेला असतो, त्याचं कामच ते आहे.

क्लेम नाकारला तर काय करायचं?

पहिलं, कारण लेखी घ्या. कोणत्या कलमाखाली नाकारला ते पत्रात असलं पाहिजे. २०२४ च्या नियमांनुसार क्लेम नाकारण्याचा निर्णय एकट्या अधिकाऱ्याने घ्यायचा नसतो, कंपनीच्या क्लेम तपासणी समितीची मंजुरी लागते. ती झाली का, हेही विचारा.

दुसरं, ते पत्र आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून वाचा. आजाराचं कारण खरंच व्यसन आहे, की फक्त सवयींच्या रकान्यात दारू लिहिली म्हणून नाकारलंय? दुसरा प्रकार असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आजाराच्या कारणाचं पत्र घ्या. पण डॉक्टरांना "दारूचा उल्लेख काढा" असं सांगू नका. तो खोटा कागद होतो. शिवाय पुढचा डॉक्टर चुकीची औषधं देईल ते वेगळंच.

तिसरं, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर आयआरडीएआयचं "बीमा भरोसा" पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन आहे.

चौथं, विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर तिथे जाता येतं. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसीची तक्रारही तिथे चालते, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं.

विम्याने पैसे दिले नाहीत तरी उपचार थांबवू नका

या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. क्लेम नाकारला म्हणजे उपचार बंद, असं अजिबात नाही.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभरातल्या पाहणीचा अहवाल काढला. त्यात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि ज्यांना त्या पिण्यामुळे मदतीची गरज आहे असे ५.७ कोटींहून जास्त लोक निघाले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काहीतरी उपचार मिळतात, असंही त्यात आहे. म्हणजे तुमच्या घरातली गोष्ट जगावेगळी नाही. जगावेगळी आहे ती उपचार घेण्याची हिंमत.

कमी खर्चाचे रस्ते हे आहेत:

- सरकारी मेडिकल कॉलेज आणि जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. डिटॉक्ससाठी पहिल्यांदा इथे चौकशी करा.
- १४४४६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, टोल फ्री. सरकारी अनुदानावर चालणारं जवळचं केंद्र कुठे आहे ते विचारा.
- १४४१६, टेलि-मानस. मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास, मोफत.
- अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए. मीटिंगला फी नाही, नावसुद्धा पूर्ण सांगावं लागत नाही.
- सेवाभावी केंद्रं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण तुम्हाला माहीत असेल. आपल्या जिल्ह्यात असं काम कोण करतं, त्याची चौकशी करून ठेवा.

आणि आता धंद्याची गोष्ट. वर्किंग कॅपिटलला हात लावायचा नाही, हा नियम आपण प्रत्येक बॅचमध्ये शिकतो. तो पाळायचा असेल तर विम्यात न बसणाऱ्या खर्चासाठी वेगळं खातं हवं. महिन्याला २ हजार टाकले तर दोन वर्षांत ४८ हजार होतात. त्या खात्याचं एटीएम कार्ड खिशात ठेवू नका. भागीदारी असेल तर दोघांच्या सहीचं खातं करा.

त्या दोन भावांचं पुढे काय झालं?

क्लेम मिळाला नाही. कलम स्पष्ट होतं, आजारही थेट व्यसनाचा होता. मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. पण धाकट्याने एक गोष्ट चांगली केली. थोरल्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं, तिथून केंद्रात, नंतर दर आठवड्याच्या मीटिंगला. मधे एकदा पाय घसरला, पुन्हा दोन महिने मागे गेले. आता तो वर्कशॉपमध्ये आहे. साइटवर एकटा जात नाही, हे त्याने स्वतःच ठरवलंय.

पॉलिसी बदलायची वेळ आली तेव्हा नवा एजंट म्हणाला, "आजाराचं लिहू नका." धाकट्याने लिहिलं. नव्या कंपनीने नकार दिला. मग त्यांनी जुनीच पॉलिसी चालू ठेवली. आधी क्लेम केला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही, हे त्याला आता माहीत होतं. व्यसनाचा खर्च त्यात नाही, पण उद्या वर्कशॉपमध्ये हात भाजला, हृदयाचं काही निघालं, तर पॉलिसी सरळ उभी आहे. आणि कोड १२ च्या खर्चासाठी दोघांच्या सहीचं खातं आहे.

शाळेचं ते गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही. तेवढी किंमत मोजावी लागली. तुम्हाला मोजावी लागू नये म्हणून हा लेख.

आजचा गृहपाठ

आज रात्री गल्ला मोजून झाला की कपाटातली पॉलिसी काढा. एक्सक्लूजनचं पान उघडा. बारावा कोड शोधा आणि पेनाने गोल करा. मग स्वतःला विचारा, घरात, भागीदारीत किंवा कामावर असं कोणी आहे का, ज्याला उद्या याची गरज पडेल? उत्तर "हो" असेल तर वरचे पाच प्रश्न उद्या सकाळीच एजंटला पाठवा आणि १४४४६ हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा.

तुमच्या पॉलिसीत कोड १२ कसा लिहिलाय ते खाली कमेंटमध्ये सांगा. घरातल्या कुणाचं नाव मात्र लिहू नका. पुढच्या व्हिडिओत ग्रुप पॉलिसीचं कोटेशन कसं वाचायचं ते बघू.

भेटू. काळजी घ्या, धंदा नीट करा.